स्पॅनिशमधलं ‘-मेंते’: आधी स्त्रीलिंग करा

विशेषणाला ‘-मेंते’ लावलं की क्रियाविशेषण होतं, हे स्पॅनिश शिकणाऱ्याला लवकरच कळतं. चूक होते ती त्याच्या आधीच्या पायरीवर. विशेषण आधी स्त्रीलिंगी एकवचनी करायचं: ‘लेंतो’चं ‘लेंता’, मग ‘लेंतामेंते’, म्हणजे हळू. ‘लेंतोमेंते’ कधीच होत नाही, कर्ता पुरुष असला तरी. ‘फासिल’ (सोपा), ‘त्रिस्ते’ (दुःखी) यांचं रूप दोन्ही लिंगांत एकच, म्हणून तिथे थेट ‘फासिलमेंते’, ‘त्रिस्तेमेंते’.

स्त्रीलिंगच का? कारण ‘मेंते’ मुळात नाम आहे. लॅटिनमध्ये ‘मेन्स’ म्हणजे मन, आणि तो शब्द स्त्रीलिंगी. ‘मेंते’ म्हणजे ‘मनाने’. संस्कृतातली ‘मति’ ही त्याची सख्खी बहीण, तीही स्त्रीलिंगीच. ‘शांत मतीने’ हे मनात धरलंत तर लिंग चुकणार नाही.

या जुन्या नामाच्या खुणा अजून दिसतात. ‘फासिल’मधल्या ‘आ’वर लिहिताना तिरकी आघातरेघ असते, ती ‘फासिलमेंते’तही तशीच राहते, ‘लेंता’वर नसते, म्हणून ‘लेंतामेंते’वरही नाही. बोलताना आघात दोन येतात, ‘फा’वर आणि ‘मेन’वर. आणि दोन क्रियाविशेषणं ‘ई’ने (आणि) जोडली की ‘मेंते’ फक्त शेवटच्याला लागतं: ‘लेंता ई कुइदादोसामेंते’, सावकाश आणि काळजीपूर्वक. इथे पहिला शब्द ‘लेंतो’ लिहिणारे फार भेटतात.

मराठी माणसाचा खरा घोटाळा वेगळाच. आपण ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते’ म्हणतो, म्हणजे शब्द कर्त्याप्रमाणे बदलतो. त्या सवयीने ‘एया कांता बुएना’ तोंडातून निघतं. बरोबर आहे ‘एया कांता बिएन’. ‘बुएनो’चं (चांगला) ‘बिएन’, ‘मालो’चं (वाईट) ‘माल’, आणि ही रूपं कोणासाठीही बदलत नाहीत. ‘रापिदो’ क्रियाविशेषण म्हणून आलं की तेही नाही: ‘एयास कोरेन रापिदो’, त्या जोरात धावतात. मात्र ‘बिबेन फेलिसेस’ (सुखाने राहतात) यात ‘फेलिसेस’ अनेकवचनी आहे, कारण ते राहणाऱ्यांचं वर्णन करतं.

इंग्रजीवरून अर्थ लावाल तर ‘आक्तुआलमेंते’ हमखास फसवेल. त्याचा अर्थ ‘खरं तर’ नव्हे, ‘सध्या’. तसंच ‘उल्तिमामेंते’ म्हणजे ‘अलीकडे’, ‘शेवटी’साठी ‘फिनालमेंते’.

एका परिच्छेदात तीन-चार ‘मेंते’ आले की वाक्य जड होतं. तिथे ‘कुइदादोसामेंते’ऐवजी ‘कोन कुइदादो’ (काळजीने), ‘क्लारामेंते’ऐवजी ‘दे मानेरा क्लारा’ (स्पष्ट रीतीने) वापरा. ‘मानेरा’ स्त्रीलिंगी, म्हणून इथेही ‘क्लारा’च.