डॉक्युमेंटरीसाठी ऑनलाइन पैसे उभारताय? आधी मावशीचा पासपोर्ट विचारा

कॅम्पेनचं पान कसं करायचं, व्हिडिओ किती मिनिटांचा ठेवायचा, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पहिले पैसे ओळखीतूनच येतात, हेही. लॉ कॉलेज रोडवर चहा पिताना कुणी ज्येष्ठ हमखास 'मंथन' सिनेमाचा दाखला देतात: १९७६ साली गुजरातच्या ५ लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये काढले, मग तुला का नाही मिळणार? अहो, ते दूध संघाचे सभासद होते, संघटना आधीच उभी होती. आपल्याकडे आहे शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. अशा सल्ल्यांना मान डोलवा आणि चहाचे पैसे त्यांना देऊ द्या.

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. पुण्यात घरटी एक माणूस अमेरिकेत. माझ्या मावशीचा लगेच मेसेज: "अगं, अकाउंट नंबर पाठव, मी देते." आमच्या सदाशिव पेठेतल्या सीएंनी पेन खाली ठेवून विचारलं, "पासपोर्ट कुठला त्यांचा?" अमेरिकेचा. "मग थांबा."

मावशी म्हणे, "माझं ओसीआय कार्ड आहे की!" पण ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं कार्ड, म्हणजे नागरिकत्व नव्हे. परदेशी देणग्यांवरचा एफसीआरए कायदा देणाऱ्याचं नागरिकत्व बघतो, चलन नाही. मावशीने पुण्यात येऊन रुपयांत दिले तरी ते परदेशी योगदानच, आणि सामाजिक-सांस्कृतिक कामासाठी ते घ्यायचं तर गृह मंत्रालयाकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. जवळच्या नातेवाइकांना सूट आहे, पण त्या यादीत मावशी नाही. गंमत म्हणजे आयकर खातं मावशीला नातेवाईक मानतं! उलट, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत गेलेला भारतीय पासपोर्टवाला मामेभाऊ स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ते परदेशी योगदान ठरत नाही.

"किकस्टार्टरवर तिकडच्या मित्राच्या नावाने टाक", हा शॉर्टकट तर ऐकूच नका. किकस्टार्टर ही लोकांकडून पैसे उभारायची अमेरिकन वेबसाइट; भारतातून तिथे प्रोजेक्ट टाकता येत नाही म्हणून लोक हे सुचवतात. पण पैसे जमणार मित्राच्या खात्यात, कराचं लचांड त्याच्या गळ्यात, आणि तो अमेरिकन नागरिक असेल तर तुमच्याकडे वळते करताना पुन्हा तोच एफसीआरए.

घाबरू नका, इथल्या माणसांकडून यूपीआयने पैसे घेण्यात असलं काही नाही. फक्त बिगर-नातेवाइकांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटी एकूण ५०,००० रुपयांवर गेल्या की त्या सगळ्या रकमेवर कर लागतो, तेव्हा बजेटमध्ये तो धरा. "८०जी मिळेल का?", म्हणजे देणगीवर करसवलत मिळेल का, असं कुणी विचारलं तर सरळ नाही म्हणा, ते नोंदणीकृत संस्थेलाच देता येतं.

मावशी रुसली. मग तिनेच तिकडच्या मराठी मंडळातल्या भारतीय पासपोर्टवाल्या पोरांना फोन लावले. आता आमच्या फॉर्ममध्ये नावाखाली लगेच नागरिकत्वाचा रकाना असतो. तो रिकामा असला तर पैसे घेण्याआधी मी स्वतः फोन करते.