टायर स्वस्त की महाग, हिशोब किलोमीटरमागे करा

दुकानात दोन-दोन हजारांचा फरक दिसला की आपण स्वस्त टायर उचलतो, पण खरं स्वस्त कुठलं ते नंतर कळतं.

१. बसवल्या दिवशीच डेप्थ गेजने मधल्या खाचेची खोली मोजा, ओडोमीटरचा फोटो काढा.
२. १०,००० किमीला परत मोजा. समजा ८ मिमीचे ६.४ झाले, तर १.६ मिमीच्या खुणेपर्यंत (खाचेतली ही खूण रबराच्या पातळीला आली की टायर बदलायचा) एकूण साधारण ४०,००० किमी.
३. किंमत भागिले किमी, झालं.

फक्त एक, जास्त चालणारा टायर ओल्यात पकडेलच असं नाही, कडक रबर झिजतं कमी पण घसरतं, आणि जुलैत कात्रज घाट उतरताना ब्रेक दाबल्यावर गाडी जागेवर थांबणं मला चार पैशांपेक्षा मोठं वाटतं, त्यामुळे घाटात रोज जाणाऱ्यांनी ओली पकड आधी विचारा.