उन्हाळ्यातल्या अर्धवट गोधड्या: कोणती हातात घ्यावी, कोणती बाजूला ठेवावी

एकाच वेळी चार-पाच गोधड्या अर्धवट असणं, हे शिवणकाम करणाऱ्यांच्या घरात काही नवं नाही. एकीचे ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले चौकोन, एकमेकांना जोडायचे राहिलेत, दुसरीला मनासारखं अस्तर मिळालेलं नाही, तिसरी तिन्ही थर (वरचं कापड, मधला भराव आणि अस्तर) लावून तशीच पडून आहे. उकाडा सुरू झाला की वाटतं, जी पूर्ण होत आलीय ती आधी संपवून टाकू. पण नेमकी तीच सगळ्यात जड असते. मांडीवर घेतली की पाच मिनिटांत घाम फुटतो, टाके वेडेवाकडे पडतात आणि गोधडी पुन्हा पिशवीत जाते. म्हणून माझं सांगणं असं, की उन्हाळ्यात कामाचा क्रम गोधडी किती झाली यावरून लावू नका. ते काम करताना किती उकडतं, यावरून लावा.

आधी सगळं बाहेर काढा

कपाटातली, खोक्यातली, पलंगाखालची प्रत्येक अर्धवट गोधडी जमिनीवर मांडा आणि टप्प्यांनुसार ढीग करा: कापड कापायचं बाकी, ब्लॉक शिवायचे बाकी, वरचा थर तयार, थर लावून टाके बाकी, आणि फक्त कडेची पट्टी बाकी.

प्रत्येकीच्या पिशवीत एक चिठ्ठी टाका. पुढे काय करायचं एवढंच लिहून भागत नाही. शिलाईचा दाब, म्हणजे शिलाईपलीकडे कडेला सोडलेलं कापड, किती धरला होता, टाक्याची लांबी किती होती, दोरा कुठला, मशीनचा कुठला फूट (सुईखाली कापड दाबून धरणारा भाग) लावला होता, हेही लिहा. हे बारीक वाटतं, पण चार महिन्यांनी त्यावरच सगळं अवलंबून असतं. समजा एका ओळीत दहा तुकडे आहेत, म्हणजे नऊ शिलाया. आधीच्या ओळी पाव इंच दाबाने शिवल्या आणि आता तो दाब फक्त १ मिलिमीटरने वाढला, तर प्रत्येक शिलाईत दोन्ही बाजूंचे मिळून २ मिलिमीटर जातात. नऊ शिलायांत ओळ १८ मिलिमीटरने आखूड होते. मग ती शेजारच्या ओळीला ओढूनताणून जोडली की गोधडीला फुगवटा येतो आणि तो इस्त्रीनेही बसत नाही.

तीनच निवडा

बाकीच्या खुशाल बांधून ठेवा. हाताशी तीन पुरतात, आणि त्या वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या असाव्यात.

पहिली, तळहातात मावेल अशी. भर दुपारी पंख्याखाली बसून करायला याहून चांगलं काम नाही. कागदी साच्यावर शिवलेले षटकोन, ॲप्लिकचं (कापडावर कापड शिवून केलेलं) एखादं फूल, हाताने जोडायचे चौकोन, काहीही चालेल. मांडीवर वजन नाही, इस्त्री जवळ नाही. षटकोनांचे कागद मात्र सहाही बाजूंना शेजारी जोडले गेल्याशिवाय काढू नका. घाईने काढले तर कडा ढिल्या पडतात आणि कोपरे जुळत नाहीत.

दुसरी, मशीनवरची, पण छोट्या ब्लॉकची. ही सकाळी लवकर घ्यायची. तुकड्यांच्या जोड्या आदल्या संध्याकाळी लावून ठेवल्या तर सकाळी दोरा न तोडता एकामागून एक जोडी मशीनखालून सरकवता येते. प्रत्येक शिलाईनंतर उठून इस्त्री करत बसू नका. नखाने किंवा लाकडी रोलरने दाब तात्पुरता मोडा आणि शेवटी सगळ्या ब्लॉकवर एकदाच इस्त्री फिरवून ती लगेच बंद करा. इस्त्रीचा वेळ कमी झाला की खोलीतला उकाडा किती कमी होतो, हे पहिल्याच दिवशी लक्षात येईल.

तिसरी, अजून कापडातच असलेली. मोजणं, रंग शेजारी लावून बघणं, कापणं, यात उष्णता काहीच नाही. फक्त पंख्याने तुकडे उडतात. एखाद्या बोर्डावर फ्लॅनेल ताणून बसवलं तर सुती तुकडे त्याला नुसते टेकवले तरी चिकटून राहतात.

थर लावलेल्या गोधडीचं काय?

ही सगळ्यात नाजूक बाब, कारण तिला नुसतं गुंडाळून ठेवून चालत नाही. थर सेफ्टी पिनांनी धरलेले असतील आणि हवेत दमटपणा असेल, तर पिना गंजतात आणि कापडावर तांबूस ठिपके उमटतात. ते डाग सहज निघत नाहीत. म्हणून काही आठवडे हात लागणार नसेल तर पिना काढून कच्चे टाके घाला. गोधडी टेबलावर सपाट पसरा, मध्यापासून सुरुवात करा आणि बाहेरच्या कडांकडे लांब धावदोरा घालत जा. दोन ओळींत साधारण १० सेंटिमीटर अंतर ठेवा, आधी उभ्या ओळी, मग आडव्या. दोरा पांढरा किंवा फिकाच घ्या, गडद दोऱ्याचा रंग फिक्या कापडाला लागू शकतो. हे काम कंटाळवाणं आहे हे खरं, पण थर न सरकता हंगाम निघतो.

चिकटवायचा स्प्रे वापरणार असाल तर तो बंद खोलीत मारू नका. खिडक्या उघडा, आणि जवळ ज्योत किंवा तापलेली इस्त्री असता कामा नये, कारण असे स्प्रे पेट घेणारे असतात.

फक्त पट्टी बाकी असेल तर

अशी गोधडी उन्हाळ्यातही संपवता येते, बसायची पद्धत तेवढी बदला. सगळा भार टेबलावर ठेवा, खुर्ची टेबलाला लावून बसा आणि फक्त कड हातात घ्या. मांडी मोकळी राहते.

पट्टीचा हिशेब आधीच करून ठेवा. १५० बाय २०० सेंटिमीटरच्या गोधडीचा परीघ ७०० सेंटिमीटर, त्यात कोपऱ्यांसाठी आणि शेवटच्या जोडासाठी ३० मिळवा. ११० सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडातून किनार सोडून सुमारे १०५ सेंटिमीटरची पट्टी मिळते. सात पट्ट्या पुरतील असं वाटतं, पण तिरक्या जोडात प्रत्येक वेळी जवळजवळ पट्टीच्या रुंदीइतकं कापड जातं, म्हणून आठ कापा. रुंदी साडेसहा सेंटिमीटर धरली तर ५५ सेंटिमीटर कापड लागेल. वरचे थर तयार असलेल्या सगळ्या गोधड्यांच्या पट्ट्या याच बैठकीत कापून, जोडून, गुंडाळून त्यांच्या पिशव्यांत टाकल्या तर पुढचं काम बरंच हलकं होतं.

घाम आणि सुई

घामेजल्या हातात सुई अडकते, कापडातून ओढावी लागते. हात साध्या साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, लोशन लावू नका. मांडीवर पांढरा सुती पंचा पसरा. कच्च्या रंगाचं कापड घामाने ओलं झालं तर त्याचा रंग शेजारच्या फिक्या तुकड्याला लागतो. काम थांबवताना सुई कापडात टोचून ठेवू नका, तीही पिनांसारखीच गंजते. आणि थांबायचं ते एखादी ओळ किंवा ब्लॉक पूर्ण करूनच. ओळीच्या मध्येच सोडलेलं काम पुन्हा हातात घ्यायला जीवावर येतं.

खुणा आणि ऊन

उष्णतेने पुसल्या जाणाऱ्या पेनाची शाई साधारण ६० अंश सेल्सियसला नाहीशी होते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत डॅशबोर्डवरचं सामान इतकं तापू शकतं. तुम्ही मन लावून आखलेलं सगळं नक्षीकाम तिथे ठेवलेल्या पिशवीतच गायब व्हायचं. शिवाय ही शाई कडाक्याच्या थंडीत पुन्हा उमटू शकते, म्हणून वरच्या बाजूला ती न वापरलेलीच बरी. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाचं उलट आहे. त्या खुणेवर इस्त्री फिरली तर ती कायमची बसू शकते, म्हणून आधी थंड पाण्याने खूण घालवायची आणि मगच इस्त्री. आपोआप उडणारी जांभळी शाई दमट हवेत लवकर उडते, त्यामुळे जेवढं आज शिवणार तेवढंच आखा. मास्किंग टेपही कापडावर रात्रभर ठेवू नका, उकाड्यात तिचा गोंद मागे राहतो.

बाजूला ठेवलेल्या गोधड्या खिडकीपासून लांब, जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो. उन्हाने घडीच्या कडेवरचा रंग विटला आणि पुढे त्याच कापडाचा नवा तुकडा जोडावा लागला, तर दोन्ही छटा शेजारी शेजारी उघड दिसतात. महिन्यातून एकदा घडी उलटी करून घाला.

जिच्यावर मन नाही ती

ढिगात एखादी गोधडी अशी सापडते, की रंग आता आवडत नाहीत किंवा नमुना आवाक्याबाहेरचा ठरलाय. तिला पुन्हा पिशवीत घालण्यापेक्षा लहान करा. डबल बेडसाठी योजलेले वीस ब्लॉक झाले असतील तर त्यातले बारा घेऊन, तीन बाय चार अशी मांडणी करून बाळाची दुपटी होते. उरलेल्या आठांतून उशीचे अभ्रे निघतात. तेही नको असेल तर ब्लॉक, उरलेलं कापड आणि चिठ्ठी, असं सगळं एकत्र बांधून दुसऱ्या शिवणाऱ्या व्यक्तीला द्या. चिठ्ठी नक्की द्या, तिच्याशिवाय त्या माणसाला मापं पहिल्यापासून शोधावी लागतील.

हवा गार झाली की थर लावलेल्यांपैकी सगळ्यात लहान गोधडी आधी काढा आणि मशीनची सुई नवी बसवूनच टाके घालायला बसा.