सीसीटीव्हीचा फोकस: फिटिंगला नव्याने येणाऱ्यांसाठी

या लाइनमध्ये येणारी मुलं वायरिंग लवकर शिकतात. कनेक्टर क्रिंप करणं, डीव्हीआर (रेकॉर्डर) नेटवर घेणं, यावर हात पटकन बसतो. फोकसचं मात्र 'पिक्चर आलं ना? चला' असं चालतं. आणि सोसायटीच्या कॅमेऱ्याची खरी परीक्षा रात्री दोन वाजता असते, आपण शिडीवर चढलो तेव्हाच्या लख्ख उन्हात नाही.

फिक्स लेन्सच्या, म्हणजे २.८ किंवा ३.६ मिमीच्या कॅमेऱ्याशी फार झटू नका. त्याचा फोकस बहुधा कंपनीतच लावलेला असतो. चित्र धूसर आलं तर आधी काचेवरची प्लॅस्टिक फिल्म काढलीय का आणि बोटांचे ठसे उमटलेत का, ते बघा.

कसब लागतं २.८ ते १२ मिमीच्या व्हेरिफोकलला, म्हणजे झूम कमी-जास्त करता येणाऱ्या लेन्सला. हाताने फिरवायचा असेल तर त्यावर दोन स्क्रू किंवा दोन रिंगा मिळतील: झूमला टी (टेली, जवळ आणणारं) आणि डब्ल्यू (वाइड, रुंद), फोकसला एन (निअर, जवळचं) आणि इन्फिनिटीची (लांबचं) खूण. आधी झूम पक्का करा, मगच फोकस, कारण झूम हलला की फोकसही सरकतो. फोकस फिरवताना चित्र स्वच्छ झालं की लगेच थांबायचं नाही. ते पुन्हा बिघडेपर्यंत पुढे जा आणि मग मागे या. नेमकी जागा तेव्हाच कळते. लॉक स्क्रू आवळल्यावर परत बघा, आवळताना रिंग किंचित फिरतेच. हे सगळं टेस्टरवर किंवा मोठ्या स्क्रीनवर मेन स्ट्रीम, म्हणजे पूर्ण दर्जाचं चित्र, लावून करा. मोबाइलवर बऱ्याचदा सबस्ट्रीम, म्हणजे हलक्या दर्जाचं चित्र, दिसते, तिच्यात सगळंच बरं वाटतं.

आता रात्रीचं. ऑटो आयरिसच्या लेन्समधली आयरिस, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, उन्हात आपोआप बारीक होते, त्यामुळे जवळचं-लांबचं सगळंच शार्प दिसतं आणि फोकस थोडा चुकलेला असला तरी लपतो. अंधारात आयरिस उघडते आणि चूक बाहेर येते. दिवसाच काम उरकायचं असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शटर हाताने बरंच वेगवान करा, म्हणजे उजेड कमी पडून आयरिस उघडेल. काम झाल्यावर शटर परत ऑटोवर न्यायला विसरू नका. स्वस्त लेन्सची आयरिस हलतच नाही, पण सुटका तिथेही नाही. रात्री लागणाऱ्या आयआर (इन्फ्रारेड, डोळ्यांना जवळपास न दिसणाऱ्या) एलईडीचा उजेड साधारण ८५० नॅनोमीटरचा, आणि तो लेन्समधून दिसणाऱ्या उजेडापेक्षा थोड्या वेगळ्या अंतरावर एकवटतो. आयआर करेक्टेड लेन्समध्ये हा फरक कमी असतो. म्हणून मी गेटचा कॅमेरा दिवेलागणीनंतर, आयआर चालू असतानाच शेवटचा सेट करतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, कुरकुरू दे. रात्री नंबरप्लेट पांढरीफटक दिसली तर मात्र रिंगेला हात लावू नका. आयआर प्लेटवरून परततोय, तो एक्स्पोजरचा, म्हणजे जास्त उजेड आत येण्याचा, प्रश्न आहे.

गिऱ्हाइकाला एक हिशेब आधीच सांगून ठेवा. अनोळखी माणसाची ओळख पटवायला ईएन ६२६७६-४ या सीसीटीव्हीच्या युरोपीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत मीटरला २५० पिक्सेल धरलेत. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल, म्हणजे जेमतेम साडेसात मीटर रुंदीची जागा. पंधरा मीटरचं अंगण एकाच कॅमेऱ्यात घेतलं तर कितीही रिंग फिरवा, तेवढा चेहरा मिळणार नाही. तिथे झूम वाढवा, नाहीतर दुसरा कॅमेरा सुचवा.

डोम (घुमटासारख्या कव्हरचा) कॅमेरा असेल तर कव्हर बसवल्यावर शेवटची नजर टाका. कव्हरने फोकस थोडा बदलतो. आतला रबर लेन्सभोवती नीट टेकला नसेल तर आयआर कव्हरवर आपटून रात्री सगळं चित्र दुधाळ दिसतं.