बाळंतपणानंतर टमी टक: प्रकार निवडताना या चुका टाळा

दुसऱ्या सिझरला तीन वर्षं झाली तेव्हा मी पहिल्यांदा प्लास्टिक सर्जनकडे गेले. टमी टक म्हणजे बाळंतपणानंतर सैल झालेली पोटाची कातडी कापून आणि लागले तर स्नायू शिवून पोट सपाट करायचं ऑपरेशन. निर्णय घरूनच करून गेले होते: त्यातला छोटा प्रकार, मिनी टमी टक. व्रण लहान, खर्च कमी, ऑफिसला सुट्टीही कमी. डॉक्टरांनी मला टेबलावर उताणं झोपवलं, गुडघे दुमडून फक्त डोकं उचलायला सांगितलं आणि माझाच हात धरून बेंबीच्या वर ठेवला. तीन बोटं आरामात आत रुतली. "हे मिनीमध्ये कसं शिवायचं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की मी पोटाकडे न बघता व्रणाची लांबी बघून ऑपरेशन निवडत होते.

पुढे या विषयावर बऱ्याच बायकांशी बोलणं झालं. बहुतेकींची गाडी याच ठिकाणी अडते. मिनी की फुल हा पुढचा प्रश्न. आधी आपल्या पोटात नेमकं काय सैल झालंय ते कळायला हवं.

कातडी, चरबी की स्नायू?

गरोदरपणात पोटाचे तीन थर ताणले जातात: कातडी, तिच्याखालची चरबी आणि पोटाचे दोन उभे स्नायू. हे स्नायू मधोमध एका पांढऱ्या पट्टीने जोडलेले असतात. बाळ वाढतं तशी ती पट्टी रुंदावते आणि स्नायू दोन्ही बाजूंना सरकतात. याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. बहुतेकींमध्ये ही फट पहिल्या काही महिन्यांत आपोआप कमी होते, पण सगळ्यांमध्ये नाही. नॉर्वेमध्ये पहिलटकरणींवर झालेल्या २०१६ च्या एका अभ्यासात बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी साठ टक्के बायकांमध्ये फट होती आणि वर्षभरानंतरही जवळपास तिघींपैकी एकीमध्ये ती राहिली होती. म्हणजे "तू पोट बांधलं नाहीस म्हणून सुटलं" हे आईचं म्हणणं तिच्या मायेपोटी असेल, पण दोष तुमचा नाही. पट्ट्याने आधार मिळतो, कंबरेला बरं वाटतं. ताणून तुटलेले कातडीचे तंतू मात्र त्याने जुळत नाहीत.

घरी आरशासमोर तीन गोष्टी करून पाहा. उभं राहून पुढे वाका: ओटीपोटावर रिकाम्या पिशवीसारखं काही लोंबलं, तर कातडी जास्त आहे. उताणं झोपून डोकं उचला: मधोमध उभा उंचवटा आला किंवा बेंबीच्या वर-खाली दोनपेक्षा जास्त बोटं आडवी मावली, तर स्नायूंमध्ये फट असण्याची शक्यता आहे. मग नुसतं सरळ झोपा. झोपल्यावरही पोट घट्ट, गोल आणि उंचच राहत असेल, तर चरबी बहुधा स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती आहे. त्या चरबीला कुठलाही टमी टक हात लावत नाही. ती वजन उतरवल्यावरच कमी होते, आणि ती असताना स्नायू आवळून शिवले तर शिवणीवर ताण येतो. अशा वेळी "आधी वजन उतरवून या" असं सांगणारा सर्जन टाळाटाळ करत नसतो.

ही घरची चाचणी म्हणजे अंदाज. खरं निदान तपासणीत होतं, आणि बेंबीपाशी हर्नियाची शंका असेल तर सोनोग्राफीत.

मिनीचा मोह

मिनीमध्ये छेद सिझरच्या व्रणापेक्षा थोडा लांब असतो, बेंबी जागची हलवत नाहीत आणि स्नायू शिवलेच तर साधारणपणे बेंबीच्या खालचेच शिवतात. ज्या बाईची तक्रार फक्त बेंबीखालच्या थोड्या सैल कातडीची आहे, वरचं पोट सपाट आहे, तिला हे ऑपरेशन छान शोभतं. अशा बायका असतात, पण दोन-तीन बाळंतपणं झालेल्यांमध्ये कमीच.

वरही फट असताना मिनी केलं तर खालचं पोट सपाट होतं आणि वरचं आणखी फुगीर दिसू लागतं. कातडी खाली ओढल्यामुळे बेंबीही थोडी खाली येते. मग वर्षभराने दुसरं ऑपरेशन, दुसरी भूल, दुसरा खर्च. स्वस्तातलं महाग पडतं ते असं.

फुल टमी टकमध्ये छेद एका कंबरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत जातो. कातडी बरगड्यांपर्यंत उचलतात, स्नायू छातीच्या हाडापासून खालपर्यंत मधोमध शिवतात आणि मग कातडी गोधडीसारखी खाली ओढून जादा भाग कापतात. बेंबी आपल्या देठावर जागीच असते, तिच्यासाठी कातडीला नवं भोक पाडतात. बेंबीखालचे स्ट्रेच मार्क्स कापलेल्या कातडीबरोबर जातात, वरचे राहतात, फक्त खाली सरकतात. "सगळे डाग जातील" असं कुणी सांगितलं तर दुसरीकडे विचारा. आणि एक बारीक गोष्ट आधीच विचारून ठेवा: वरची कातडी पुरेशी सैल नसेल तर बेंबीचं जुनं भोक कापल्या भागात जात नाही, आणि ओटीपोटावर छोटी उभी रेघ राहते. ऑपरेशननंतर ती अचानक दिसली की बायका घाबरतात.

कातडी कंबरेच्या बाजूंनाही लोंबत असेल तर एक्स्टेंडेड, म्हणजे छेद पाठीकडे वळणारा. इथे "व्रण लहानच ठेवा" असा हट्ट धरला, की टोकांना कातडीचे कानासारखे कोपरे उभे राहतात. सर्जन त्याला डॉग इअर म्हणतात. लेगिंगमधून ते बरोबर दिसतात. पंचवीस-तीस किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलेल्या बाईची कातडी आडवी आणि उभी दोन्हीकडून सैल असते. तिच्यासाठी उभा-आडवा असे दोन्ही छेद असणारा प्रकार असतो. साध्या बाळंतपणानंतर तो सहसा लागत नाही. पॅनिक्युलेक्टॉमी मात्र वेगळी: त्यात लोंबणारी कातडी काढतात, स्नायू शिवत नाहीत. दरपत्रकात हा शब्द दिसला तर आपल्याला तेच हवंय का, हे विचारा.

आणि फक्त लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी शोषून काढणं? कातडी घट्ट, फट नाही, थोडी चरबी तेवढी आहे, तर जरूर. सैल कातडीखालची चरबी काढली तर पिशवी आणखी रिकामी होते, एवढं लक्षात ठेवा.

"सिझरबरोबरच उरकून टाका"

हा सल्ला मला चुलत जावेने दिला होता, अगदी मनापासून. पण बाळंतपणाच्या दिवशी गर्भाशय मोठं असतं, कातडी आणि स्नायू पूर्ण ताणलेले असतात. किती कापायचं आणि किती आवळायचं याचा अंदाजच येत नाही. वर रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि रक्ताच्या गाठींचा धोका वाढतो. बाळंतपणानंतर किमान सहा महिने, दूध पाजणं थांबल्यावर काही महिने आणि वजन एका जागी स्थिरावल्यावरच हा विषय काढावा. जुना सिझरचा व्रण बहुतेक वेळा नव्या छेदात कापला जातो. नवा व्रण त्यापेक्षा बराच लांब असतो, पण निदान दोन रेघा राहत नाहीत.

पुढचं मूल हवं असेल तर थांबा. टमी टकनंतर गर्भारपण सुखरूप होऊ शकतं, पण शिवलेले स्नायू पुन्हा ताणले जातात आणि केलेलं काम वाया जाऊ शकतं.

डॉक्टरांपासून लपवलेल्या गोष्टी

"आधी काही ऑपरेशन?" या प्रश्नाला आपण "सिझर" म्हणतो आणि बाकीची विसरतो. कुटुंबनियोजनाचा बेंबीजवळचा टाका, लॅप्रोस्कोपी म्हणजे दुर्बिणीचं ऑपरेशन, हर्निया, उजव्या बरगडीखाली पित्ताशयाचा जुना तिरपा व्रण: सगळं सांगा. कातडी उचलल्यावर तिला रक्त वरून आणि बाजूंनी मिळतं. वाटेत जुना आडवा व्रण असेल तर त्याखालची कातडी काळी पडून मरू शकते. असा व्रण पाहून सर्जन कधी ऑपरेशनचा प्रकारच बदलतात. बेंबीच्या हर्नियाचंही तसंच. हर्निया शिवताना बेंबीचा रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून त्याचं नियोजन आधी लागतं.

तंबाखूचं विचारल्यावर "मी कुठे सिगरेट ओढते" म्हणून आपण मोकळ्या होतो. पण मिश्री? सकाळी दातांना लावायची मिश्री ही भाजलेली तंबाखूच. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आक्रसून टाकतं आणि जखम उसवते. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर निदान चार-चार आठवडे मिश्री, तंबाखू, सिगरेट, सगळं बंद. गर्भनिरोधक गोळ्याही सांगा, त्यांनी रक्ताच्या गाठीचा धोका वाढतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी ते वर आणा. आपल्याकडे निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय असतो, त्यामुळे हे गृहीत धरून चालायचं नाही.

पैसे आणि पाटी

आरोग्य विमा सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया देत नाही. पॉलिसीच्या वगळलेल्या बाबींमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं असतं. हर्निया मात्र प्रतीक्षा काळ संपल्यावर सहसा मिळतो. दोन्ही एकदमच होणार असेल तर हर्नियाचा खर्च वेगळा लिहून घ्या आणि कंपनीला आधी विचारा. "सगळं हर्निया म्हणून दाखवू" असं कुणी सुचवलं तर तिथून उठा. ती फसवणूक आहे आणि नाव तुमचं लागतं.

पाटीवर "कॉस्मेटिक सर्जन" लिहिलेलं पुरेसं नाही. जनरल सर्जरीनंतर प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का ते पाहा. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येते. भूलतज्ज्ञ कोण आणि रात्री गरज पडली तर आयसीयू कुठे, हेही विचारा. दुबईहून किंवा न्यू जर्सीहून तीन आठवड्यांच्या सुट्टीत येऊन हे उरकणाऱ्या मैत्रिणींनो, परतीचं तिकीट सर्जनला विचारूनच काढा. मोठ्या ऑपरेशननंतरचा लांब विमानप्रवास म्हणजे पायात रक्ताची गाठ होण्याला आमंत्रण.

साडी नेसून खुणा करून घ्या

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, एका नर्सबाईंनी ऐनवेळी सुचवलं. छेदाच्या खुणा उभं असताना करतात. त्या दिवशी रोजची निकर आणि परकर घेऊन जा. आपल्या परकराची नाडी कंबरेवर नेमकी कुठे बसते ते सर्जनला दाखवा. व्रणावर रोज नाडी घासत राहिली तर तो काळा पडतो, जाडही होतो. आपल्या सावळ्या कातडीत व्रण तसेही लवकर काळवंडतात. केलॉइड, म्हणजे व्रण वाढून जाड गाठ व्हायची प्रवृत्ती असेल, कान टोचल्यावर गाठ आली असेल, तर तेही सांगा. व्रण फिका पडायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तीन महिन्यांनी लालभडक दिसला म्हणून रडू नका. मी रडले होते.

घरी आल्यावर

पहिला आठवडाभर वाकूनच चालावं लागतं. ताठ उभं राहायची घाई केली तर टाक्यांवर ताण येतो. झोपताना पाठीखाली आणि गुडघ्यांखाली उशा. सहा आठवडे मूल उचलायचं नाही. लहानग्या लेकीला हे समजावणं ऑपरेशनपेक्षा अवघड. ती मांडीवर यायची सोय करा: आपण खाली बसायचं, तिला चढू द्यायचं, आणि तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. पट्टा दिवसरात्र घालायचा असतो, त्यामुळे विदर्भातल्या बायकांनी मे महिना टाळलेला बरा.

जखमेतला द्रव बाहेर यावा म्हणून ऑपरेशनमध्ये ठेवलेल्या नळ्या काढल्यावर ओटीपोटात पाणी हलल्यासारखं वाटलं तर कातडीखाली द्रव साठलेला असू शकतो. डॉक्टर तो सुईने काढतात. घरी दाबून बसू नका. ताप, वास येणारा स्राव, कडेची कातडी काळी पडणं, यासाठी त्याच दिवशी फोन करा. एका पोटरीत दुखून सूज आली किंवा अचानक धाप लागली तर फोनची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

आणि शेक. बाळंतिणीचं शेक-शेगडीचं घर आपलं, त्यामुळे पोट दुखतंय म्हटल्यावर सासूबाई गरम पाण्याची पिशवी घेऊन हजर. पण टमी टकनंतर बेंबीखालची कातडी कित्येक महिने बधिर असते. पिशवीचा चटका कळतच नाही, फोड आल्यावर दिसतो. मी त्यांना दुखवलं नाही. पिशवी घेतली आणि पाठीला लावली. आठवडाभर वाकून चालून दुखत होती तीच.