आयआरएसची नोटीस आली? आधी तारीख बघा

अमेरिकेत कमाई बेताची असेल आणि आयआरएसकडून (तिथल्या कर खात्याकडून) ‘नोटीस ऑफ डेफिशियन्सी’, म्हणजे कर कमी भरल्याची नोटीस आली, तर आधी त्यावर छापलेली शेवटची तारीख बघा. टॅक्स कोर्टात अर्ज करायला साधारण ९० दिवस मिळतात. आयआरएसशी फोनाफोनी करत बसलात म्हणून ही मुदत पुढे सरकत नाही! लगेच जवळचं ‘लो इन्कम टॅक्सपेअर क्लिनिक’ गाठा. ही क्लिनिकं आयआरएसपासून स्वतंत्र असतात आणि फुकट किंवा नाममात्र फी घेऊन तुमची बाजू मांडतात. वादातली रक्कम मात्र सहसा ५०,००० डॉलरच्या आत हवी.

नुसतं रिटर्न भरायचंय? मग ‘व्हिटा’ या आयआरएसच्या उपक्रमातले, फुकट रिटर्न भरून देणारे स्वयंसेवक आहेतच. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांनी तिथे १०४०-एनआर (अनिवासींचा रिटर्न फॉर्म) भरून देतात का, हे आधी विचारावं. सगळीकडे देत नाहीत.