लोहयुक्त जमिनीसाठी मेटल डिटेक्टर कसा निवडावा

कापूस वेचताना पायातले चांदीचे जोडवे पडते किंवा वखराची पास (लोखंडी पाते) तुटून ढेकळांत गाडली जाते, तेव्हा मेटल डिटेक्टरची आठवण होते. मात्र पश्चिम विदर्भातील काळी माती बेसॉल्ट खडक झिजून बनलेली असून तिच्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात आणि गडचिरोलीतील सुरजागडच्या डोंगरात तर लोहखनिजच आहे. अशा जमिनीवर साधे यंत्र विनाकारण वाजत राहते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, खाली वस्तू असूनही गप्प बसते.

म्हणून यंत्राआधी माती तपासावी. चुंबक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून वावरातील कोरड्या, चुरलेल्या मातीतून हळूहळू फिरवावे. पिशवीवर काळ्या कणांचे दाट केस उभे राहिले, तर जमीन अवघड आहे असे समजावे. नमुने वावराच्या चार-पाच ठिकाणांहून घ्यावेत. नाल्याच्या वाळूवरून मात्र अंदाज बांधू नये, कारण पाण्याने जड कण तेथे आधीच वेगळे साठवलेले असतात.

आता यंत्राकडे वळू. ‘इतके फूट खोल शोधतो’ या दाव्यापेक्षा ‘ग्राउंड बॅलन्स’ची सोय आधी पाहावी. मातीतून येणारा संकेत ओळखून तो वजा करण्याची ही व्यवस्था असते. ती कारखान्यातच कायमची ठरवून दिलेली असेल, तर ते यंत्र स्वस्त असले तरी आपल्या उपयोगाचे नाही. ती हाताने जुळवता येणारी, आणि शक्यतो माती बदलेल तशी आपोआप जुळणारीही असावी.

एकाच वारंवारतेवर (फ्रिक्वेन्सीवर) चालणारे यंत्र मध्यम जमिनीत पुरेसे ठरते. लोह अधिक असल्यास एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारे यंत्र घ्यावे. पल्स इंडक्शन पद्धतीचे, म्हणजे विजेचे छोटे-छोटे ठोके जमिनीत सोडून परतणारा संकेत ऐकणारे यंत्र अशा मातीत अधिक खोल जाते, परंतु खिळा आणि अंगठी यांतील फरक त्याला नीट सांगता येत नाही, त्यामुळे शेतात खोदकाम फार वाढते. कॉइल, म्हणजे यंत्राच्या टोकाची जमिनीवरून फिरवायची चकती, ‘डबल डी’ रचनेची (आत इंग्रजी D आकाराची दोन वेटोळी असलेली) आणि लहान घ्यावी. लहान कॉइलखाली एका वेळी कमी माती येते, साहजिकच मातीचा गोंधळही कमी होतो; मोठ्या कॉइलचा आग्रह येथे नुकसानच करतो.

पैसे देण्यापूर्वी आपल्याच वावरात चाचणी घ्यावी. धातू नसलेली जागा पाहून कॉइल जमिनीलगत खाली-वर करावी आणि आवाज स्थिर होईपर्यंत बॅलन्स जुळवावा. त्यानंतर एक जोडवे आठ-दहा सेंटिमीटर खोल पुरून चारही दिशांनी कॉइल फिरवावी. चाचणीसाठी एक-दोन रुपयांची नाणी वापरू नयेत. ती चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाची असल्याने यंत्र त्यांना लोखंडातही मोजू शकते. यंत्र बडबडू लागल्यास संवेदनशीलता कमी करावी, कारण ती वाढवली की मातीचा आवाजही तितकाच वाढतो. वखराची पास शोधायची असेल, तेव्हा लोखंड वगळणारी सोय आठवणीने बंद ठेवावी.

जुने नाणे किंवा दागिना सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या गुप्तधनाची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. संरक्षित स्मारकांच्या हद्दीत तर यंत्र नेऊच नये.

यंत्र घरी आल्यावरही पाऊस पडून ओल बदलली किंवा काळ्या मातीतून मुरमाड पट्ट्यावर गेलात, की बॅलन्स पुन्हा जुळवून मगच शोध सुरू करावा.